टीव्हीवाली गोळी

रविकांत पिंगळे नाशिकचा. डी. फार्म झाल्यावर सहा वर्षं त्याने मेन रोडवरच्या एका केमिस्टकडे काढली आणि त्र्याण्णव साली कुवेतला आला. अर्दियाच्या वर्कशॉपांच्या वस्तीत, एका टायरवाल्याच्या आणि इराणी रोटीच्या भट्टीच्या मधोमध एक फार्मसी होती, तिथे काउंटरवर लागला. वरचा फार्मासिस्ट यूसुफ, अलेक्झांड्रियाचा. शांत, जाडसर, दुपारच्या नमाजानंतर चहात चार चमचे साखर घालणारा माणूस. मालक महिन्याकाठी एकदा गाडीतून उतरायचा, कपाटांवरून नजर फिरवायचा आणि जायचा. गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूचे सुतार, वेल्डर, गाड्यांचे रंगारी. सगळे रविकांतला डॉक्टर म्हणायचे. "मी डॉक्टर नाही," असं तो पहिली दोन वर्षं प्रत्येकाला सांगत असे. मग त्याने ते सोडून दिलं.

बायको शलाका एका इंडियन शाळेत गणित शिकवायची. मुलगी स्वरा तिथेच वाढली. घरी मराठी बोलणं चालायचं, पण स्वराची उत्तरं इंग्रजीतून यायची.

नव्याण्णवच्या सुमाराला बिल्डिंगच्या गच्चीवर नवी डिश बसली. तिच्या पॅकेजमध्ये एक अमेरिकन चॅनेल होतं. तिकडे दिसायचं तेच, जाहिरातींसकट, इकडे दिसायचं. रविकांत संध्याकाळी जेवताना बातम्या लावायचा आणि दर दहा मिनिटांनी औषधाची जाहिरात यायची. झोपेची, पोटाची, केस गळण्याची, मन उदास असण्याची. साध्या सर्दी-तापाची औषधं नव्हेत ती, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी. शेवटी गोड संगीत वाजत असतानाच एक माणूस घाईघाईने अपाय वाचून दाखवायचा. स्वरा त्याची हुबेहूब नक्कल करायची, एका दमात, आणि शलाका हसून हसून बेजार व्हायची.

रविकांतला हसू यायचं नाही. "अरे, ज्या औषधाला डॉक्टरची चिठ्ठी लागते त्याची जाहिरात लोकांना कशाला दाखवता?" तो टीव्हीकडे बघून म्हणायचा. "डॉक्टरला दाखवा ना."

"चॅनेल बदल मग," शलाका म्हणायची.

त्याने चॅनेल बदललं नाही. इंग्रजी पेपरला पत्र लिहिलं. पेपरने ते अर्धं कापून छापलं. आठवड्याने एका गोवेकर बाईंचं पत्र आलं, की आमच्या घरीही याचा वैताग आहे, सासरे रोज नवा रोग काढतात. आणखी दोघांनी री ओढली. एका इंजिनियरने उलट लिहिलं, की माहिती मिळणं हा माणसाचा हक्क आहे. रविकांतने त्याला उत्तर दिलं. मराठी मंडळाच्या गणपतीत लोक त्याला "पत्रवाले पिंगळे" म्हणून ओळखू लागले. चेष्टा होती, पण त्याला ती मनातून आवडायची.

त्या जाहिरातींमधली सगळ्यात जास्त लागायची ती सांधेदुखीच्या गोळीची. पांढऱ्या केसांचा एक उंच माणूस कुत्र्याला घेऊन समुद्राच्या वाळूवर चालायचा, मग नातीला उचलून गरकन फिरवायचा. काही महिन्यांत तीच गोळी फार्मसीत आली. एजंट खोकी ठेवून गेला. तिची तारीफ करायची त्याला गरज पडली नाही. वर्कशॉपांच्या वरच्या खोल्यांमध्येही डिश होत्या. गिऱ्हाइकं येऊन नुसतं बोट दाखवायची. "वो टीवीवाली गोली देना." बहुतेकांना इंग्रजीचा गंध नव्हता. घाईघाईने वाचलेले अपाय त्यांच्या कानांवरून वाहून जायचे. त्यांच्यापर्यंत पोचायचा तो फक्त वाळूवर चालणारा म्हातारा.

"चिठ्ठी आणा," रविकांत म्हणायचा. त्या काळी चिठ्ठीशिवाय बरंच काही काउंटरवरून जायचं. यूसुफ काही न बोलता खोक्यातून पाकीट काढून द्यायचा. नंतर एवढंच म्हणायचा, "आपण नाही दिली तर समोरचा देईल."

महादेव सुतार त्या गल्लीतल्या एका फर्निचरच्या कारखान्यात होता. राजापूर तालुक्यातला, पन्नाशी ओलांडलेला, बारीक चणीचा. बायको ठकूबाई गावी. त्याला रक्तदाब होता, त्याच्या गोळ्या दर महिन्याला रविकांतकडून न्यायचा. एकदा औषध घ्यायला आला असताना काउंटरचा अडकलेला खण त्याने न सांगता काढला, खिशातल्या पटाशीने दोन जागी तासला आणि परत बसवला. तेव्हापासून दोघांचं बोलणं वाढलं.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात तो लंगडत आला.

"गुडघा खाली टेकवत नाय, डॉक्टर. कपाटं बसवायची तर बसल्याशिवाय कसा होयल? ती गोळी द्या ना, तो म्हातारा कुत्र्यासंगती चालतो ती."

"ती तुम्हाला नको, महादेवराव. तुम्हाला प्रेशर आहे. आधी डॉक्टरला दाखवा."

महादेव मुस्तौसफात, म्हणजे सरकारी दवाखान्यात जाऊन आला. अर्धा दिवस रांगेत गेला. तिथल्या डॉक्टरने साध्या गोळ्या दिल्या, त्यांनी त्याचं पोट जळायला लागलं. तो परत आला. मग तिसऱ्यांदा आला, तेव्हा बोलायच्या आधी बाहेर दाराकडे बघून घेतलं.

"पुढल्या महिन्यात अकामा, इथला राहायचा परवाना, नवा करायचाय. मुदीरनं, कारखान्याच्या मॅनेजरनं, परवा मला जिना चढताना बघितला. म्हणाला, महादेव, तू आता म्हातारा झालास. दोन वर्षं अजून काढायचीत मला, जास्त नाय. एवढी दोन वर्षं उभा ऱ्हायलो तर झालं."

त्या दिवशी दुकानात गर्दी होती. एसी नीट चालत नव्हता. एक बाई रडणारं मूल घेऊन उभी होती, यूसुफ मागे फोनवर होता. प्रेशर मोजायचं यंत्र काउंटरखालीच पडलेलं होतं. रविकांतने ते काढलं नाही. खोक्यातून एक पट्टी काढली.

"दहाच देतो. दुखेल तेव्हाच घ्यायची."

आठवड्याने महादेव आला तो सरळ पावलं टाकत. काउंटरसमोर उकिडवा बसून, हात न टेकता उठून दाखवलं. दुकानातले दोघे-तिघे हसले. रविकांतही हसला. त्याला खरंच बरं वाटलं होतं. महादेवने आणखी दोन पट्ट्या नेल्या.

मग ते नेहमीचंच होऊन बसलं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात महादेव यायचा आणि त्याने तोंड उघडायच्या आत रविकांतचा हात त्या कप्प्याकडे जायचा. अकामा नवा झाला. महादेव जिने चढत होता, कपाटं बसवत होता. त्याच दिवसांत रविकांतने पेपरला तिसरं पत्र लिहिलं, या वेळी नेमकं त्याच गोळीच्या जाहिरातीवर. ते लिहून झाल्यावर त्याने जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. स्वरा तेव्हा चौदा वर्षांची होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बट यू सेल इट, बाबा," ती म्हणाली.

"नोकरी आहे ती माझी," रविकांत म्हणाला. " माझ्या न विकण्याने काय थांबणार आहे?"

"ओके," स्वरा म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

पत्र छापून आलं. या वेळी पूर्ण.

तीन सालच्या ऑगस्टमध्ये महादेव नेहमीप्रमाणे आला. पायांत प्लॅस्टिकच्या चपला होत्या, एक नंबर मोठ्या. "पाय सुजतात हल्ली. बूट जात नाय," तो सहज म्हणाला. रविकांतने वाकून बघितलं. घोट्याजवळ बोटाने दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. का ते त्याला कळलं. खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, पायांवर सूज, रक्तदाब वाढणं, आणि खाली आणखीही. तो कागद त्याने कधीच वाचला होता. पत्रासाठीच वाचला होता.

"महादेवराव, ह्या गोळ्या थोडे दिवस बंद करा. मुस्तौसफात जाऊन या."

"जातो ना. पण सुलैबियातल्या व्हिलाचं काम चाललंय, पंधरा दिवसांत द्यायचंय. ते संपला की जातो. तोवर द्या."

रविकांतने त्याच्याकडे पाहिलं. महादेव हसत होता. त्याने पट्टी दिली.

महादेव सप्टेंबरात आला तेव्हा काउंटरवर यूसुफ होता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात महादेव आला नाही. दुसऱ्या आठवड्यात बदरुद्दीन आला. हा त्याच कारखान्यात पॉलिशचं काम करायचा, महादेवच्याच खोलीत राहायचा, कधी त्याच्यासाठी पट्टीही न्यायचा, रत्नागिरीकडचाच. हातात एक कापडी पिशवी होती.

"महादेव गेला, पिंगळेसाहेब."

"कुठे गेला?"

बदरुद्दीन नुसताच बघत राहिला, तेव्हा रविकांतला समजलं.

रंधा मशीनवर काम करताना सकाळी दहाच्या सुमाराला तो छाती धरून खाली बसला होता. लोकांना वाटलं, चक्कर आली. पाणी आणेपर्यंत संपलं होतं. कागदावर हार्ट लिहिलं होतं. गावी पाठवायची कागदपत्रं झाली होती, विमान परवाचं होतं.

"सामान बांधतोय त्याचा," बदरुद्दीन म्हणाला आणि पिशवीतून तीन पट्ट्या काढून काउंटरवर ठेवल्या. न फोडलेल्या. "ह्या त्यानं ठकूवहिनीसाठी बाजूला ठेवलेल्या. तिचे पण गुडघे दुखतात. सुट्टीला जाताना नेणार होता. मी पेटीत घालतो. कशा घ्यायच्या तेवढा मराठीत लिहून द्या, तिला वाचून दाखवतील."

रविकांतने पट्ट्या आपल्याकडे ओढल्या. "ह्या नको पाठवू."

"का?"

"तारीख गेलीय."

बदरुद्दीनने एक पट्टी परत उचलली, डोळ्यांजवळ नेली. तो सातवीपर्यंत शिकलेला होता. आकडे त्याला कळत होते. त्याने पट्टी उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. मग ती हळूच काउंटरवर ठेवली, रविकांतच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि काही न विचारता निघून गेला.

रविकांतने ही गोष्ट घरी सांगितली नाही. चौकशी कुणी केली नाही, करायला कुणी नव्हतं. पन्नाशीचा माणूस, त्यात प्रेशर, त्यात उष्मा. हार्ट म्हटल्यावर सगळ्यांना ते पटलं. कदाचित ते तसंच असेलही. त्याने स्वतःला हे पुष्कळदा सांगून पाहिलं.

पुढच्या वर्षी पावसाळा संपत आला असेल तिकडे देशात, तेव्हा बातम्यांमध्येच ते आलं. कंपनीने ती गोळी सगळ्या जगातून परत मागवली होती. हृदयाला धोका. रविकांत घास हातात धरून ऐकत राहिला. वाळूवरचा म्हातारा त्या दिवसापासून दिसला नाही. त्याच्या जागी दुसऱ्या कसल्याशा गोळीची बाई बागेत फुलं लावताना दिसू लागली. एजंट येऊन उरलेली खोकी घेऊन गेला.

"आपल्याला काय ठाऊक," यूसुफ म्हणाला. "पाठवलं ते आपण विकलं." मग रविकांतचा चेहरा पाहून त्याने त्याच्यासमोर चहा ठेवला आणि मागे निघून गेला.

रविकांतने पत्र लिहायला घेतलं. या वेळी पेपरला नव्हे. कारखान्यातून पत्ता मिळवला आणि ठकूबाईला लिहिलं. चार पानं झाली, ती फाडून एकच पान केलं. तुमच्या यजमानांना मी ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत होतो, त्यांना रक्तदाब आहे हे मला माहीत होतं, आता ती गोळी धोक्याची म्हणून बंद झाली आहे. तिच्यामुळेच झालं की नाही हे मी सांगू शकत नाही, पण तुम्हाला कळायला हवं असं वाटलं. खाली सही.

उत्तर आलं नाही. दीड महिन्याने बदरुद्दीन आला. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत तो बाजूला उभा राहिला.

"कशाला लिहिलंत ते?" त्याने विचारलं. आवाज चढवला नाही.

"तिला कळायला पाहिजे म्हणून."

"तिला काय कळायचा होता? देवानं नेला, असं धरून बसलेली बाई. शेतात जात होती, माणसांत बोलत होती. तुमचा कागद वाडीतल्या मास्तरानं सगळ्यांदेखत वाचला. आता दारात कुणी आला की तेच. फोन केला की मला विचारते, भावजी, तुमच्याच खोलीत होते ना ते, तुम्ही का नाय अडवलंत. मी काय सांगू? मीच कितीदा त्याच्यासाठी हितून पट्टी नेलीय."

बदरुद्दीनला आणखी काही बोलायचं होतं.

"एक विचारलंय तिनं तुम्हाला. म्हणते, त्या दुकानातल्या भावांना इचारा, त्यांना आधी ठाऊक होतं काय."

बाहेर टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा आवाज चालू झाला.

"थोडं ठाऊक होतं," रविकांत म्हणाला. "पाय सुजले तेव्हा कळलं होतं."

बदरुद्दीनने मान हलवली. "हे मी तिला सांगायचा नाय," तो म्हणाला. "तुम्ही पण लिहू नका आता." आणि गेला. त्या दुकानात तो पुन्हा आला नाही.

त्यानंतर रविकांत चिठ्ठीशिवाय काही देईना. साध्या पोटाच्या गोळीलाही चिठ्ठी मागू लागला. गिऱ्हाइकं दाराशी येऊन, काउंटरवर तो दिसला की समोरच्या दुकानात जायची. यूसुफने वर्षभर सांभाळून घेतलं, मग मालकाने रविकांतला अर्दियातल्याच गोदामात पाठवलं. तिथे खोकी उतरवून घ्यायची आणि तारखा तपासायच्या. माणसांशी गाठ नव्हती. पेपरला त्याने पुन्हा पत्र लिहिलं नाही. टीव्हीवर औषधाची जाहिरात लागली की तो उठून गॅलरीत जायचा आणि शलाका आवाज बंद करायची. स्वराने नकला करणं केव्हाच सोडलं होतं.

नऊ साली ते नाशिकला परतले. भाऊ म्हणाला, लायसन्स आहे तर गंगापूर रोडला मेडिकल टाकू. रविकांत नको म्हणाला. एका डिसेंबरात, कामाचं निमित्त सांगून, तो ठकूबाईला भेटायला निघाला. रत्नागिरीपर्यंत पोचला. स्टँडवर राजापूरच्या दोन गाड्या त्याच्यासमोरून सुटल्या. रात्री लॉजवर राहून दुसऱ्या दिवशीच्या गाडीने तो परत आला. शलाकाने पाणी आणून दिलं, आणि काम झालं का, असं विचारलं नाही.