भरल्या पाटीचा फोटो

माशाचा कल्ला अंगठ्याने उचलून ती आतला लाल रंग दाखवायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, "नीट बघ, मग बोल." घासाघीस करणारी भलीभली माणसं एवढ्यावर गप्प व्हायची.

नाशिकच्या मासळी बाजारासमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. गंगापूर धरणातले रोहू-कटला घेऊन ती रोज समोर बसायची. तुमच्याही बाजारात अशी एखादी असेल. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. दुपारी पाटी रिकामी झाली की ती माझ्या पंख्याखाली टेकायची. दुकानाला वास लागतो म्हणून मी कुरकुरलो, की मुद्दाम आणखी पाच मिनिटं बसायची.

एकदा कुठल्याशा प्रदर्शनाचे जुने फोटो माझ्याकडे फ्रेम करायला आले. त्यात शंभरेक वर्षांपूर्वीची एक कोळीण होती. रंगवलेल्या पडद्यापुढे, डोक्यावर पाटी घेऊन उभी. काय ऐट आहे बघ मावशी, मी म्हणालो.

"नीट बघ, मग बोल. पाटी रिकामी हाय. भरल्या पाटीखाली मान अशी सैल राहत नाय. रिकामी आम्ही कमरेला घेतो. फोटोवाल्याने उगाच उभं केलंय बिचारीला."

मग तिने मला खालचं नाव वाचायला सांगितलं. खाली नुसतं 'कोळीण' एवढंच होतं.

"धंदा बुडवून उभी राहिली, अन् नावबी नाय. माझं तरी ठाऊक हाय का तुला?"

अकरा वर्षांची ओळख, आणि मला ठाऊक नव्हतं. फार लाज वाटली. तिने हसून नाव सांगितलं आणि बजावलं, की माझा फोटो काढशील तर भरल्या पाटीचा काढ आणि खाली नाव घाल.

भरली पाटी म्हणजे सकाळी सात. मी पडलो उशिरा उठणारा. उद्या नक्की, उद्या नक्की म्हणत अख्खी लग्नसराई घालवली. शेवटी एकदाचा गेलो. कुणाला हात लावू न देता तिने पाटी डोक्यावर घेतली, मान ताठ केली. मी बटण दाबलं आणि नेमका तेव्हाच कुणीतरी भाव विचारला. तिने तोंड वळवलं. परत काढतो, मी म्हणालो.

"उद्या ये. आता गिऱ्हाईक हाय."

त्याच आठवड्यात ती अचानक गेली. मुलगा तिचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करायला घेऊन आला, तेव्हा मी त्याला हा भरल्या पाटीचा दिला. एक प्रत माझ्या काउंटरमागे लावली आहे. अर्धाच चेहरा, भाव सांगायला उघडलेलं तोंड. फोटो नीट आला नाही, असं लोक म्हणतात. नीट बघा, मग बोला, असं मी सांगतो आणि खाली माझ्या हाताने लिहिलेलं नाव त्यांना वाचायला लावतो: ठकूबाई.