आधी भिजवून घ्या

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीतच सुटलं, म्हणून कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

बाजारच्या दिवशी मी शिवलेल्या चोळ्या घेऊन धाराशिवच्या स्टँडवर उतरायची. तिथं एकदा एक म्हातारबाबा बाकड्यावर आडवे झालेले दिसले. पोटावर टोपी ठेवलेली, आणि ती टोपी ठोक्याठोक्याला उडत होती. मी बघतेय म्हणून ते हसले.

"काळीज खाली उतरलंय, अक्का. पोटातली रक्ताची मोठी नळी फुग्यावानी फुगलीय. फुटली की खेळ खलास. मुंबईचे डॉक्टर तिथं कापडाची नळी शिवणार हायत."

मी परक्या माणसाशी बोलत नाही. पण कापडाचं नाव निघालं आणि तोंडातून गेलं, "बाबा, आधी भिजवून घ्यायला सांगा. नवं कापड आटतं."

ते इतके हसले की टोपी खाली पडली. चहावाल्याकडं त्यांच्या रुपयाची मोड नव्हती, म्हणून दोन आणे मीच दिले.

"वाचलो तर देईन," ते म्हणाले.

पुढं दर बाजारी मी आधी ते बाकडं बघायची. सुगी सरल्यावर ते दिसले, ताठ बसलेले.

"अक्का, तुमचा निरोप सांगितला. डॉक्टर म्हणाले, भिजवूनच घेतो आम्ही, विणीतून गळू नये म्हणून, तुमच्याच रक्तात!"

मग मागं रेलून त्यांनी टोपी पोटावर ठेवली. ती जागची हलली नाही. दोघंही हसलो, आणि त्यांनी माझ्या हातावर दोन आणे ठेवले. सगळे फिटले.