ओढ्याचा माग

रविवार, मे १९५८, लालबाग. हजर: मी (चाळ कमिटीचा चिटणीस), कमिटीचे आणखी दोघे, तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकी आणि सरकारी पाणीखात्याचे मोजणीदार.

बुजलेले ओढे शोधायचे आणि त्यांच्यावरची बांधकामं हटवायची, हे मोजणीदारांचं काम. वर्षभर ते आमच्या भागात हिंडत होते. लोखंडी सळईचं एक टोक जमिनीला टेकवत, दुसरं कानाला लावत. खाली पाणी लागलं की चपला काढत आणि आजाऱ्याशी बोलावं तसं हळूच विचारत, "आहेस ना?" मग उत्तर ऐकल्यासारखी मान हलवत. त्या मान हलवण्याची मला भीती वाटे.

त्या दिवशी सळई टेकवत टेकवत ते काकींच्या दारापाशी आले आणि त्यांनी चपला काढल्या.

"भायर कित्याक उभो रवलंस? आत ये रे झिला," काकी हसून म्हणाल्या. "माज्या खाटीखाली कोणतरी बोलता. तेची माका सोबत आसा."

"माझ्याशीही बोलतो," ते म्हणाले. मग खोली रिकामी करण्याच्या नोटिशीवर त्यांनी काकींच्या खोलीचा नंबर घातला, ती माझ्या हातात दिली आणि चपला काखेत धरून अनवाणीच निघून गेले.

त्या दिवसाची बाकी कामं उरकली. नोटीस काकींना द्यायची राहिली आहे.