खडू धरून थांबलेले सर

रत्नागिरीत नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं आणि माझा सायबर कॅफे होता. बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा एकजण रोज दुपारी यायचा. चपला बाहेर काढायचा, ऑइलचे हात शर्टाला पुसून मगच माउस धरायचा आणि परदेशी विद्यापीठाचे इंजिनावरचे फुकट धडे लावायचा. व्हिडिओ अडकून सर खडू धरून थांबले, की हाही हाताची घडी घालून थांबायचा.

एकदा म्हणाला, "दादा, इंजिन माझ्या हातातलं हाय, पण सर काय सांगतात ते कळत नाय. त्यांना विचारता येल काय?"

"फुकटच्या शिकवणीत कोण उत्तरं देतंय!" मी हसलो.

त्यानंतर तो आला नाही.

इंग्रजी मला येत होतं. सर सातासमुद्रापार होते; मी दोन खुर्च्या सोडून कॉम्प्युटरवर पत्ते खेळत होतो.