उल्हासकाकांची तोंडी परीक्षा

उल्हासकाका लंडनच्या हॅरोतल्या आमच्या गल्लीतले एकमेव कम्युनिस्ट. गल्लीतलं सगळ्यांत मोठं घर त्यांचंच आहे, हा योगायोग. चार बेडरूम, मागे ग्रीनहाउस, शिवाय वेम्ब्लीला भाड्याने दिलेले दोन फ्लॅट. भाडेकरूंच्या पिळवणुकीवर ते इतकं कळकळीने बोलतात की एकदा त्यांच्या भाडेकरूनेच टाळ्या वाजवल्या होत्या. भाडं मात्र एप्रिलमध्ये वाढलं.

मी दोन घरं सोडून राहते आणि जवळच्याच कौन्सिलच्या, म्हणजे बिनफीच्या सरकारी शाळेत गणित शिकवते. काकांच्या लेखी मी म्हणजे श्रमिक वर्ग. त्यामुळे दर रविवारी मला चहाचं आमंत्रण असतं. पोहे सुमनकाकू करतात, क्रांती काका करतात आणि कपबश्या मी विसळते.

काका मूळचे सांगलीचे. पंचाहत्तर साली तीन मार्कांनी मेडिकल हुकलं आणि कोणीतरी सोव्हिएत स्कॉलरशिपचा फॉर्म आणून दिला. मुलाखतीच्या दिवशी काकांनी जानवं काढून देव्हाऱ्यात ठेवलं. निवड झाल्याची तार आल्यावर परत घातलं, कारण आईने सत्यनारायण बोलला होता. मग व्होल्गाच्या काठावरच्या एका शहरात सात वर्षं डॉक्टरकी शिकले.

तिथे हाडं, स्नायू, औषधं हे सगळं होतंच, पण त्याबरोबर पक्षाचा इतिहास आणि शेवटच्या वर्षी शास्त्रीय साम्यवाद हे विषयही सक्तीचे होते. परीक्षा सगळ्या तोंडी. टेबलावर चिठ्ठ्या उलट्या मांडलेल्या असायच्या. एक उचलायची, वर आलेल्या प्रश्नावर थोडा वेळ विचार करायचा आणि परीक्षकासमोर बसून बोलायचं. पाचपैकी मार्क. काकांना शरीरशास्त्रात चार मिळाले आणि साम्यवादात पाच. "उत्तर येण्याचा प्रश्नच नसतो गं," काका सांगतात, "समोरच्याला काय ऐकायचंय ते ओळखायचं. आधी मनात तीन आकडे मोजायचे, हनुवटी वर, डोळ्यांत चमक, आणि मग वाक्य टाकायचं." गुडघ्याच्या सांध्याचं उत्तरसुद्धा ते पक्षाच्या पंचविसाव्या अधिवेशनापासून सुरू करायचे म्हणे.

त्यांच्याच वर्गात नागपूरचा रवी होता. त्याला चिठ्ठी आली नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेची. त्याने सरळ परीक्षकालाच विचारलं, नियोजन एवढं चोख आहे तर गावात माझ्या मापाचे बूट का मिळत नाहीत? दोन मार्क. नापास. पोराचं वर्ष गेलं. काका त्याच खोलीत, आपला नंबर यायची वाट बघत बसले होते. त्यांच्याही बुटात पुठ्ठा होता. ते गप्प राहिले आणि पाच मार्क घेऊन बाहेर आले. हे सांगताना त्यांचा आवाज अजूनही उतरतो.

गंमत अशी, की समाजवादी राज्यात सात वर्षं राहून काकांचा समाजवादावर काडीचा विश्वास बसला नाही. तो बसला हॅरोत, एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची पेन्शन सुरू झाल्यावर. एकतीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत लोकांचे मोडके खुबे बसवताना त्यांनी पाहिलं होतं, की पैसेवाल्याचं ऑपरेशन पंधरा दिवसांत होतं आणि बस ड्रायव्हर दीड वर्ष लंगडतो. ते त्यांना मनापासून लागलं होतं. मी त्यांची कितीही चेष्टा केली तरी हे खरं आहे, आणि म्हणूनच मला ते आवडतात.

फक्त घरात त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. मुलगा मिहीर खासगी शाळेत शिकला ("तेव्हा सुमन ऐकेना"), आता बँकेत आहे. सून शिल्पा मॅनेजमेंट कन्सल्टंट. उरली नात, तनू, वय वर्षं दहा. शाळा सुटली की ती रोज आजी-आजोबांकडे असायची आणि काकांचं सगळं जगणं त्या तीन तासांत यायचं. सप्टेंबरपासून माध्यमिकला तिने माझ्या शाळेत यावं, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती.

"माझ्या घरातलं एक तरी पोर चारचौघांच्या पोरांत शिकू दे, आशा," ते मला म्हणाले. "मिहीरच्या वेळी मी गप्प बसलो. गप्प बसणं हे माझं स्पेशलायझेशन आहे."

पण शिल्पाने तनूसाठी एक नामांकित खासगी शाळा हेरून ठेवली होती. तनू लेखी परीक्षा पास झाली. राहिला इंटरव्ह्यू. एका रविवारी माझ्यासमोरच शिल्पा म्हणाली, "बाबा, रिटन झालं, आता फक्त हेडटीचरशी बोलायचंय. तुम्ही तर ओरल एक्झामचे एक्स्पर्ट. तीन वीक्स घ्याल का तिला, प्लीज?"

"घेतो की," काका म्हणाले. लगेच. मला वाटलं, झालं, म्हातारा विरघळला. मी कपबश्या जरा जोरातच आपटल्या.

काकांनी मला टोमॅटो दाखवण्याच्या निमित्ताने ग्रीनहाउसमध्ये नेलं. जानेवारीत कसले टोमॅटो! "नीट ऐक," ते कुजबुजले. "त्या शाळेचा धर्म काय? फी. तनूने त्या धर्माविरुद्ध तोंड उघडलं की संपलं, दोन मार्क. मी तिला खरं तेच बोलायला शिकवणार. शाळा नाही म्हणेल, शिल्पा मला दोष देऊ शकणार नाही, आणि तनू तुझ्या वर्गात."

"काका, हे लंडन आहे."

"परीक्षक सगळीकडे सारखाच असतो गं."

मी शिक्षिका आहे. तिथल्या तिथे त्यांना थांबवायला हवं होतं. पण तनूसारखी तल्लख पोरगी माझ्या वर्गात आली असती तर मला हवीच होती. मी टोमॅटोच्या रिकाम्या कुंड्यांकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवसापासून डायनिंग टेबलावर चिठ्ठ्या उलट्या मांडल्या गेल्या. तनूने एक उचलली. तुला आमच्या शाळेत का यायचं आहे?

"आय थिंक," तनूने सुरुवात केली, "जिथे फक्त रिच लोकांचे मुलं येतात, ती शाळा फेअर नाही आहे..."

"तीन मार्क!" काका गरजले. "आकडे मोजलेस का? हनुवटी कुठे आहे? बस ड्रायव्हरचं वाक्य शेवटी ठेव, आधी नाही!"

दुसऱ्या आठवड्यात पोरगी चारवर आली, तिसऱ्यात पाचवर. काका तर कट विसरूनच गेले. अशी विद्यार्थिनी त्यांना जन्मात मिळाली नव्हती. मी एकदा दारात उभी राहून ऐकलं. सगळ्या मुलांना सारखं शिक्षण मिळालं पाहिजे आणि तुमच्या शाळेलासुद्धा हे मनातून ठाऊक आहे, असं ती अशा काही सुरात म्हणाली की माझ्या अंगावर काटा आला. सुमनकाकू तेवढ्या म्हणाल्या, "अहो, पोरीला खेळायला तरी सोडा."

इंटरव्ह्यू झाला. तीन आठवड्यांनी, शुक्रवारी दुपारी, शिल्पाचा फोन आला आणि संध्याकाळी मला काकांकडे पेढे खायला बोलावणं. शिल्पाने ईमेल उभ्यानेच वाचून दाखवला. तनूच्या विचारांतल्या दुर्मीळ नैतिक धैर्याने शाळा भारावून गेली होती. प्रवेश तर दिलाच, वर पंचवीस टक्के स्कॉलरशिप. शिवाय शाळेच्या सामाजिक न्याय मंडळात तिने पहिल्याच वर्षी यावं, अशी हेडटीचरची खास इच्छा.

"बाबा, यू आर अ जीनियस!" म्हणत शिल्पा त्यांच्या पाया पडली. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं काकू मागाहून म्हणाल्या.

काका पेढा हातात धरून खुर्चीत बसले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तिथे एक वाक्य चुकलं की वर्ष जायचं. इथे काहीही बोला, आवडतं ह्यांना. उचलून शोकेसमध्ये ठेवतात."

"मी म्हटलं होतं," असं म्हणायची माझी फार इच्छा होती. पण कुंड्यांची आठवण झाली आणि मी पेढा खाल्ला.

शिल्पा फोनवर आईला बातमी द्यायला हॉलमध्ये गेली, तशी काकांना एकदम उभारी आली. त्यांनी तनूला जवळ घेतलं. "शाळा कुठली का असेना," ते म्हणाले. "तू खरं बोललीस, म्हणून त्यांना पटलं. ते महत्त्वाचं. हो ना बाळा? तुला खरंच वाटतं ना तसं?"

तनूने खांदे उडवले. "मला माहीत नाही, आजोबा. मला आशामावशीच्या स्कूलला जायचं होतं. उर्वी जातेय ना तिकडे. आणि माझी सगळी फ्रेंड्स."

काकांचा चेहरा मला बघवेना.

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही," तनू म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. "मम्मीने नाही. आणि तुम्ही तर डायरेक्ट आन्सरच शिकवला."

काका उठले. आयुष्यभर गप्प राहिलेला माणूस त्या दिवशी हॉलच्या दारात जाऊन मोठ्याने म्हणाला, "शिल्पा, फोन ठेव. तनूला कुठे जायचंय ते तिला विचारायचंय. आत्ता, सगळ्यांसमोर." मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी हातातला नॅपकीन घट्ट धरला.

शिल्पा आत आली. हातात फोन तसाच. "काय झालं? तनू, तुला नाही का जायचंय तिकडे? डार्लिंग, खरं खरं सांग."

तनूने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. क्षणभर थांबली. हनुवटी वर गेली. डोळे चमकले.

"मला ह्याच स्कूलला जायचंय, मम्मी," ती म्हणाली. "इट्स अ वंडरफुल ऑपॉर्च्युनिटी. आणि मी तिथे जाऊन ती शाळा सगळ्यांसाठी बेटर करीन."

शिल्पाने तिला मिठी मारली. तिचे डोळे भरून आले होते. सुमनकाकूंचेसुद्धा.

काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते. मी त्यांना खुर्ची दिली, तरी बसले नाहीत. "पाच मार्क," ते मला म्हणाले. मग खिडकीकडे तोंड करून ते रडले. वीस वर्षांच्या शेजारात मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहत होते.