काळ्या-पांढऱ्या फोटोतले मामा

आता तुमच्यापासून काय लपवायचं! मी एका जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली. तीही साधीसुधी नाही. माईकवरून, भरल्या सभागृहात, डोळ्यांत पाणी आणून. चहा निवू देऊ नका, सांगतो.

त्या वर्षी आमच्या मुखेडात दोनच विषय होते. टँकर कधी येतो आणि नवा जिल्हा कधी होतो. दोन्ही रोज उद्यावर! आडातल्या गाळालासुद्धा भेगा पडल्या होत्या, आणि चौकाचौकात मात्र नव्या जिल्ह्याचे फ्लेक्स. रंगीत, हात जोडलेले, हसरे पुढारी. माणसाला प्यायला मिळेना, पण फ्लेक्सला रंग कमी पडला नाही.

त्या गर्दीत एसटीच्या खिडकीतून मला एक फ्लेक्स दिसला. काळा-पांढरा. त्यावर मारोतीमामांचा फोटो. खाली नाव, रविवार, सायंकाळी सहा, नांदेडातल्या एका सभागृहाचा पत्ता. बास.

तुम्हीच सांगा, आपल्याकडं फ्लेक्सवर काळा-पांढरा फोटो कधी लागतो? वाढदिवसाला? निवडीबद्दल? जिवंत माणूस रंगीत, गेलेला काळा-पांढरा. शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

मारोतीमामा म्हणजे आमच्या गायन पार्टीचे मुख्य गायक. माझे सख्खे मामा नव्हेत, सगळा तालुकाच त्यांना मामा म्हणायचा. मी त्यांच्या मागं कोरसला. जयंतीच्या दिवसांत गावोगाव फिरलो त्यांच्यासोबत. पण मामी गेल्या आणि मामांनी पेटी बंद केली ती केलीच. नांदेडला नातीकडं, प्रज्ञाकडं राहायला गेले. "मामा, तुमच्या मागं उभा राहून मी माणूस झालो, पुन्हा एकदा गा," एवढंच मला त्यांना सांगायचं होतं. जाऊ या हप्त्यात, जाऊ पुढच्या हप्त्यात म्हणत राहिलो. आणि आता हा फ्लेक्स!

प्रज्ञाला फोन लावला. पलीकडं नुसता भांड्यांचा खणखणाट.

"पोरी, मामांचा फोटो पाहिला गं..." मी म्हटलं.

"पाहिलात ना उत्तमकाका? मग रविवारी याच. तुमच्याशिवाय कसं होईल?" आणि फोन बंद.

काय खंबीर पोरगी, मी म्हटलं.

जे मला नंतर कळलं ते तुम्हाला आत्ताच सांगतो. प्रज्ञानं मित्रमैत्रिणी जमवून एक बँड काढला होता. गिटार, डफ, हलगी, रिकामे हंडे. टँकरपाशी बायांचा होणारा कालवा मोबाइलवर घेऊन तोसुद्धा गाण्यात घातलेला. 'प्रयोग' म्हणायचे त्याला. आणि त्या प्रयोगात गायला तिनं आजोबांना कसंबसं राजी केलं होतं. फ्लेक्स बनवणारा मित्र पुण्याला चित्रकला शिकून आलेला. त्याला रंगीत फोटो गावठी वाटला!

रविवारी मी पांढरे कपडे घातले. हार घेतला, मेणबत्त्यांचा पुडा घेतला. तालुक्यात कुठंही शोकसभा असो, दोन शब्द बोलायला मला पुढं करतात, त्यामुळं तयारी होतीच. बायको, मंगल, दारातून म्हणाली, "आटपतं बोला. आन् थापा मारू नका तिथं."

"गेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलीन का मी?"

तिनं तोंडाला पदर लावून हसू दाबलं. मला जरा लागलं ते.

सभागृहात पाऊल टाकलं तर स्टेजवरची सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत. मधोमध खुर्चीवर मामांची पेटी, तिच्यावर एकच दिवा. मी हार मांडीवर ठेवून पहिल्या रांगेत बसलो.

मग वाजायला लागलं. प्रज्ञा रिकाम्या हंड्याच्या काठावर ओली बोटं फिरवत होती. कोरड्या आडात वाकून हाक मारली की जसा आवाज उलट येतो, तसा आवाज. त्यात लांबून बायांचा गलका, कुणाचं तरी तान्हं रडणं. हसू नका, पण दुष्काळ आम्ही रोज बघत होतो. ऐकला त्या दिवशी.

आणि एकदम सगळं थांबलं. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. इथं मामांनी यायचं ठरलं होतं. मामा पडद्यामागं खुर्चीला धरून बसले होते, "न्हाई जमत, मला घरी सोडा," म्हणत. हे मला काय ठाऊक? शोकसभेत शांतता झाली की माणूस काय करतो? मी उठून उभा राहिलो. मी उठलो तशी मागची रांग उठली. मग तिच्यामागची. सगळं सभागृह मान खाली घालून उभं! लोकांना वाटलं, हाच प्रयोग.

मी स्टेजवर गेलो. पेटीला हार घातला, मेणबत्ती लावली, माईक हातात घेतला.

"लोह्याच्या कार्यक्रमात लाईट गेली," मी सुरू केलं, "तर मामांनी असा सूर लावला, असा सूर लावला, की आडातलं पाणी वर आलं आणि बायांनी काठावर बसून घागरी भरल्या!"

टाळ्या! शोकसभेत टाळ्या कशा, म्हणून मी जरा चपापलो. पण मग माझंच मला आवरेना.

"कोरसला मी दरवेळी चुकायचो. मामांनी मागं वळून कधी डोळे वटारले नाहीत. माझी चूक झाकायला ते आपला सूर लांबवायचे. मला कळायचं. पण त्यांना कधी सांगितलं नाही. आता कुणाला सांगू?"

पडद्यामागून आवाज आला, "लोहा न्हाई रे, इस्लापूर!"

काठी टेकत मामा बाहेर आले.

"आन् आड भरला तो पावसानं. किती थापा मारून राहिला रे उत्तम!"

"मामा... तुम्ही..."

"हाव, हाय अजून." पेटीवरचा हार त्यांनी काढून बाजूला ठेवला. मेणबत्ती मात्र तशीच राहू दिली. "उभा काय राहिला? कोरस कोन, तुझा बाप धरनार?"

मामा गायले. सुरुवातीला आवाज गंजल्या रहाटासारखा कुरकुरला, मग मोकळा झाला. मी मागं उभा राहिलो, आणि ठरल्याप्रमाणे चुकलो. मामांनी सूर लांबवला. प्रज्ञा हंडा वाजवता वाजवता रडत होती. लोक शेवटपर्यंत उभेच राहिले.

नंतर प्रज्ञा म्हणाली, "काका, तुमच्यामुळं आजोबा बाहेर आले. पुढचा कार्यक्रम लातूरला. निवेदक तुम्ही." मी फुगलो! माझा चांगला गॉगलवाला रंगीत फोटो दिला तिला.

चार-आठ दिवसांनी सकाळी मंगलचा फोन वाजला, मी उचलला. लोह्याचा माझा मेहुणा, सुदाम. हुंदके देत होता.

"ताई, कसं गं झालं असं? आत्ताच नाक्यावर दाजींचा फ्लेक्स पाह्यला..."

"अरे सुदाम, ताई नाही, मी बोलतोय."

"कोन मी?"

"तुझा दाजी! जिवंत हाय मी, चहा पिऊन राहिलो!"

पलीकडून सुदाम नाक ओढून म्हणाला,

"दाजी, हात जोडतो, आज तरी थापा मारू नका. ताईला फोन द्या."