अर्धा दोष बंदुकीचा

बिघडलेल्या वस्तूचं आणि बिघडलेल्या माणसाचं कारण कधी एकच नसतं, आणि सगळी कारणं एकदम दुरुस्त करू पाहणारा माणूस गाढव असतो, या दोन वाक्यांवर आख्खा संसार, नोकरी आणि परदेश निभावून नेलेला माणूस मी एकच पाहिला. तो माझा साडू निघाला, हा माझ्या पत्रिकेचा भाग. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून बायको त्यांना दाजी म्हणायची. तिचं ऐकून मी दाजी म्हणू लागलो, माझं ऐकून माझ्या शिपिंग ऑफिसातले मल्याळी कारकून, आणि शेवटी कोपऱ्यावरचा इराणी रोटीवालासुद्धा ‘दाजी, गरम है’ असं ओरडू लागला. त्यामुळे आम्ही दोघं नोकरीला होतो त्या दिवसांतल्या कतारमध्ये त्यांचं खरं नाव फक्त त्यांच्या पासपोर्टला ठाऊक होतं.

दाजी मूळचे मिरजेचे. एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. दोह्यात ऑफिसजवळ घर मिळत असताना त्यांनी बिऱ्हाड थाटलं ते वक्र्याला, समुद्राकाठच्या कोळ्यांच्या गावात. का, तर तिथल्या घराच्या भिंती त्यांनी ओळंबा लावून तपासल्या होत्या आणि त्या सरळ निघाल्या होत्या. “गावाचं नावच वक्रा,” ते म्हणायचे, “तेव्हा बाकी काही वाकडं असून चालणार नाही.” त्यांच्याकडे जेवायला गेलं की आधी टेबल डुगडुगतंय का ते पाहायचं, मग ताट घ्यायचं. टेबल कधीच डुगडुगायचं नाही. पण ते डुगडुगत नाही याचं कौतुक केल्याशिवाय वाढप सुरू होत नसे.

त्यांचा मुख्य मंत्र ‘एका वेळी एकच’. रेडिओ खरखरला तर ते वायर, एरियल आणि सेल एकदम बदलत नसत. आज वायर, उद्या एरियल, परवा सेल. तोवर बातम्या शेजारी जाऊन ऐकायच्या. एकदा आमच्याकडे जेवून गेल्यावर त्यांचं पोट बिघडलं. दुसऱ्या कुणी ओवा खाल्ला असता. दाजी बरे झाले आणि त्यांनी माझ्या बायकोला तोच बेत पुन्हा करायला लावला. मग रोज येऊन त्यातला एकेकच पदार्थ खायचा क्रम धरला. भात निर्दोष सुटला, आमटी सुटली, कोशिंबीर संशयाचा फायदा घेऊन सुटली. मटकीच्या उसळीला ते सापडले, किंवा उसळ त्यांना सापडली. घामाघूम होऊन दिवाणावर पडल्या पडल्या त्यांनी विजयी आवाजात सांगितलं, “बघ, मटकीच होती!” माझी बायको त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी बोलली नाही. दाजींच्या ते लक्षातही आलं नाही. कारण एकदा सापडलं की त्यांच्या लेखी भांडण मिटलेलं असे.

तर अशा या माणसाच्या आयुष्यात एक बंदूक आली.

त्यांचे घरमालक कतारी होते. सगळे त्यांना बू सालिम म्हणत, म्हणजे सालिमचा बाप. तरुणपणी ते गलबतावरून खजूर घेऊन मुंबईला जात, त्यामुळे भायखळ्याची हिंदी त्यांना येत होती, आणि मराठीतल्या दोन-तीन शिव्याही; त्या ते फार प्रेमानं वापरत. नेमबाज म्हणून त्यांचा वक्र्यात दबदबा होता. हिवाळ्यात मुलांना घेऊन वाळवंटात तंबू ठोकायचा आणि लांबवर ठेवलेले रिकामे डबे उडवायचे, हा त्यांचा वर्षाचा सण. त्या वर्षी थोरल्या सालिमनं त्यांना परदेशातून कोरी करकरीत रायफल आणून दिली. बोल्ट मागे ओढून एकेक गोळी भरायची, वर दुर्बीण बसवलेली. जुनी रायफल बू सालिमनी हौसेनं भावाला देऊन टाकली. आणि नव्या बंदुकीनं त्यांचे बहुतेक डबे जागच्या जागी उभे राहिले. आधी धाकटा मुलगा हसला, मग सालिम समजुतीच्या सुरात म्हणाला, “खलास, बाबा. आता आराम करा.”

पुढच्या शुक्रवारी मुलं वाळवंटात गेली आणि म्हातारा घरी राहिला. आम्ही नेमके त्याच दिवशी त्यांच्या बैठकीत चहाला गेलो होतो. रायफल कोपऱ्यात पेटीसकट उभी होती, घरात आलेल्या नको त्या पाहुण्यासारखी.

“आंख गया, दाजी,” बू सालिम म्हणाले. “बुड्ढा आंख. खलास.”

दाजींनी पेला खाली ठेवला. “पहला गोली किधर गया था?”

“पहला? पहला ठीक.”

“दूसरा?”

“थोडा बाजू.”

“और तीसरा?”

म्हाताऱ्यानं हात उजवीकडे नेत नेत थेट समुद्राकडे केला.

दाजी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “पहिल्या गोळीला डोळे तरुण आणि तिसऱ्या गोळीला म्हातारे, असं होतं का रे कुठं? तीन गोळ्यांच्या वेळात कुणाला मोतीबिंदू होत नाही. काहीतरी तापतंय आणि सरकतंय!” हेच त्यांनी बू सालिमना हिंदीत समजावलं. म्हाताऱ्यानं दाजींच्या पेल्यात स्वतःच्या हातानं पुन्हा चहा ओतला.

ताईंना, म्हणजे दाजींच्या बायकोला, हे कळलं तेव्हा घरात जे झालं ते बंदुकीच्या आवाजापेक्षा कमी नव्हतं. “परक्या मुलखात बंदुकीला हात लावणार तुम्ही? उद्या पोलीस आले म्हणजे? पोरांना घेऊन मी कुठं जाऊ?” भीती खोटी नव्हती. एका सहीवर माणसाला विमानात बसवून देत त्या देशातून. दाजी म्हणाले, “बंदूक त्यांची, परवाना त्यांचा, हात त्यांचा. डोकं तेवढं माझं. डोक्याला परवाना लागत नाही.” आणि खरोखरच, त्या सगळ्या काळात त्यांनी स्वतः एकही गोळी झाडली नाही.

मग सुरू झाले आमचे वाळवंटातले शुक्रवार. दाजींनी आपल्या दोन जुन्या पँटचे पाय कापून, ताईंकडून तळाशी शिवून घेऊन त्यांत वाळू भरली. त्या उशांवर रायफल टेकवायची, म्हणजे हात थरथरण्याचा प्रश्न बाद. दूधपावडरच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर कंपासनं वर्तुळं काढून निशाणं तयार केली. नेम धरायचा सालिमनं. आणि बदल एका शुक्रवारी एकच. पहिल्यांदा दुर्बिणीचे स्क्रू आवळले. एक खरंच ढिला होता. सालिम म्हणाला, “झालं!” दाजी म्हणाले, “बघू.” पहिली गोळी ठीक, तिसरी पुन्हा उजवीकडे. मग नळी आतून धुतली, घासली, चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत पुसली. तिसरी उजवीकडेच. मग दुसऱ्या बनावटीच्या गोळ्या आणल्या. थोडा फरक पडला, पण खोड गेली नाही. “यल्ला, दाजी, यल्ला!” म्हणजे आटपा आता, असं पोरं वैतागून ओरडायची, “सगळं एकदम करून टाका ना!” दाजी शांतपणे सांगायचे, “सगळं एकदम केलं तर गुण कशानं आला ते कसं कळणार?” बू सालिम या सगळ्यांपासून दूर सतरंजीवर बसून खजूर खात, बिया मोठ्या नेमानं उडवत. आम्ही बघतोय असं वाटलं की थांबत.

एका शुक्रवारी दाजींनी चहाच्या पुड्याचा कागद फाडून त्याची पट्टी केली आणि ती नळी आणि खालचं लाकूड यांच्या फटीत सरकवली. नळीच्या टोकाकडून पट्टी मजेत आत गेली आणि मध्येच, एका बाजूला, अडकली. दाजींनी ती बाहेर काढून पुन्हा घातली. पुन्हा तिथंच. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. बारशाला बाळाचं तोंड पहिल्यांदा पाहणाऱ्या आजोबांसारखा होता. “लाकूड!” ते ओरडले. “वक्र्याची दमट हवा पिऊन फुगलंय आणि नळीला टेकलंय. नळी तापली की ते तिला ढकलतं. पहिली गोळी गार नळीतून जाते म्हणून सरळ. बिचारी बंदूक तरी काय करील, बाजूला बसलेला माणूस कोपरानं ढोसतोय!”

लाकूड बैठकीतच खरवडलं. त्यासाठी गोल दांडा हवा होता, म्हणून दाजींनी ताईंचं लाटणं नेलं आणि त्याला पॉलिश पेपर गुंडाळला. दोन दिवस घरात पाव खात होते. “पोळ्या आता कशानं लाटू?” ताईंनी विचारलं, “त्या नळीनं?” पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत अलगद सरकू लागल्यावर दाजींनी आतल्या लाकडाला व्हार्निश दिलं, म्हणजे पुन्हा हवा प्यायची सोय नको. एका शुक्रवारी तेवढंच तपासून घेतलं, आणि मगच बंदुकीचा मागचा लोखंडी भाग जिथं लाकडात बसतो तिथं तो हलू नये म्हणून वर्कशॉपमधला एपॉक्सी गोंद भरून तो घट्ट बसवला.

त्यानंतरच्या शुक्रवारी सालिमनं मारलेल्या सगळ्या गोळ्या चहाच्या पेल्याखाली झाकल्या गेल्या असत्या. पोरांनी दाजींना उचलून घेतलं. मग सालिमनं रायफल बापापुढे धरली.

बू सालिम वाळूवर आडवे झाले. पहिली गोळी, दुसरी, तिसरी. पुठ्ठा आणला. उजवीकडे सरकणं गेलं होतं, पण भोकं ताटभर पसरली होती. सालिम दाजींच्या कानाशी लागून म्हणाला, “बोलो ना, बंदूक में अभी थोडा बाकी है.” त्याचे डोळे भरले होते. बापाला ‘आराम करा’ म्हटल्याची लाज त्याला आता वाटत होती. मलाही वाटलं, तसं म्हणून टाकावं. काय बिघडतं?

दाजी पुठ्ठा घेऊन म्हाताऱ्याशेजारी वाळूत बसले.

“बू सालिम, आधा दोष बंदूक का था. वो मैंने निकाल दिया. बाकी आधा आंख का है. वो मेरे हाथ का काम नहीं, डॉक्टर का है.”

म्हाताऱ्यानं पुठ्ठ्यावरच्या भोकांवरून बोट फिरवलं. “आधा?”

“आधा.”

“पूरा नहीं?”

“पूरा कभी था ही नहीं.”

बू सालिम उठून बसले आणि पोरांकडे वळून खणखणीत आवाजात ओरडले, “नुस! सुना? नुस!” नुस म्हणजे अर्धा. आणि मग ते एवढे हसले की अंगावरची वाळू झडली. आपलं सगळंच संपलं असं धरून बसलेल्या माणसाला कुणीतरी हिशेबानं अर्धा परत दिला होता. त्याच आठवड्यात ते स्वतः सालिमला घेऊन डॉक्टरकडे गेले. मोतीबिंदूच होता. ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला, आणि पुढच्या हिवाळ्यात डबे पडू लागले. सगळे नाही. एखादा उभा राहिलाच तर ते चष्मा कपाळावर सारून त्याला भायखळ्याची शिवी देत.

बंदुकीचं काम संपलं तरी दाजी दर शुक्रवारी बैठकीत जातच राहिले. “आता काय राहिलंय दुरुस्त करायचं?” मी एकदा विचारलं. “काही नाही,” ते म्हणाले, “नुसते बसतो.” दोघं खिडकीशी बसून समुद्राकडे बघायचे. बोलणं फारसं व्हायचं नाही.

ऐंशीची दहा वर्षं संपायच्या आत आम्ही दोन्ही बिऱ्हाडं परत आलो. बू सालिम गेल्याचं सालिमनं फोन करून कळवलं. दाजींनी नीट ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि मिरजेच्या अंगणात जाऊन बसले.

परवा त्यांना भेटायला गेलो होतो. आता ते थकलेत. कान जरा मंद झालेत. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एकदम म्हणाले, “त्या बैठकीची समुद्राकडची खिडकी रे, कुठल्या रंगाची होती? निळी ना?”

मला ती हिरवी आठवत होती. तसं सांगितलं. आता पडताळणार कुठं? ती जुनी घरं पाडून तिथं नवी वस्ती झाली म्हणतात. ताईंना विचारावं तर त्या बैठकीत कधी गेल्याच नव्हत्या. दाजी वाद घालतील, म्हणून मी तयारीत बसलो.

ते म्हणाले, “असेल.”

इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.